ग्रे खोऱ्यातली हवा

२६ मार्च १८९६, गुरुवार. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पश्चिम किनाऱ्याजवळच्या ब्रनर कोळसा खाणीत सकाळी साडेनऊच्या सुमारास स्फोट झाला. आत नेमकं काय झालंय ते पाहायला दोन माणसं पाठवली गेली. ती परत आलीच नाहीत. मागून गेलेल्यांना दोघेही बेशुद्ध पडलेले सापडले. स्फोट तर केव्हाच होऊन गेला होता. त्यांना पाडलं ते स्फोटानंतर आत साचून राहिलेल्या हवेने.

मग बाहेरचे खाणकामगार आळीपाळीने आत शिरू लागले. थोडं आत जायचं, हाती लागेल त्याला उचलून आणायचं, नाहीतर स्वतःच कोसळायचं आणि दुसऱ्यांनी ओढून बाहेर काढायचं, असा तो क्रम होता. बाहेर आणलेले शुद्धीवर आले की त्यांतले काही पुन्हा आत जायचे. आत अडकलेले कुणी परके नव्हते; कुणाचा भाऊ होता, कुणाचा मुलगा. त्या दिवशी खाणीत असलेल्या ६५ जणांपैकी एकही वाचला नाही. ब्रनरच्या भूमिगत कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एका सकाळीत गेले. न्यूझीलंडमधल्या औद्योगिक अपघातांत आजवर इतके बळी दुसऱ्या कुठल्याही अपघाताने घेतलेले नाहीत.

ग्रे नदी पापारोआ डोंगररांगेच्या कुशीतून वाहत येऊन ग्रेमथ गावापाशी समुद्राला मिळते. थॉमस ब्रनर या सर्वेक्षकाने १८४८ मध्ये या नदीकाठी कोळशाचा थर पाहिला. वाटाड्या होता केहू नावाचा माओरी. केहूसारख्यांच्या जिवावरच ब्रनर त्या जंगलातून जिवंत परतला, हे इथे सांगून ठेवावं, कारण खाणीला, गावाला आणि पुलाला नाव लागलं ते ब्रनरचं. १८६४ मध्ये खाण सुरू झाली. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कोळसापट्ट्यातून कामगार आले आणि आपल्या गावांची नावंही घेऊन आले. आसपासच्या खाणींना टाइनसाइड, वॉल्सएंड अशी नावं पडली ती त्यामुळे. नदीकाठी कोळशाचा कोक करणाऱ्या विटांच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांचे अवशेष आजही तिथे आहेत.

या लोकांनी सोबत आणलेलं आणखी एक ज्ञान म्हणजे खाणीतल्या वायूंचं. कोळशाच्या थरात मिथेन कोंडलेला असतो. कोळसा फोडला की तो सुटतो, हलका असल्यामुळे छताशी जमतो. हवेत त्याचं प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान आलं की एक ठिणगी पुरते. स्फोटात बोगद्यातला प्राणवायू बराचसा जळून जातो आणि मागे उरतात नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड. या शेवटच्याला ना वास, ना रंग, ना नाकात झोंबणं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. फुप्फुसं बिचारी आपलं काम चोख करत राहतात. आत येईल तो वायू रक्तात सोडणं हे त्यांचं काम, आणि माणूस मरतो तो त्या कामामुळेच. डोकं जड होतं, पाय लटपटतात, बसावंसं वाटतं. बसलेला माणूस उठत नाही.

सुरुंगाच्या धुराची तऱ्हा याहून निराळी. दारू नीट जळली नाही की त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात आणि ते थेट फुप्फुसावर घाव घालतात. गंमत म्हणावी की क्रौर्य, पण माणसाला त्या क्षणी फारसं काही वाटत नाही. थोडा खोकला येतो, पाळी संपवून तो घरी जातो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. सुरुंग उडवल्यावर धूर जाईपर्यंत थांबायचं, हा खाणीतला जुना नियम याचसाठी आहे. कामाची घाई असली की सगळ्यात आधी मोडला जातो तो हाच.

ब्रनरच्या आधी जवळजवळ दोन महिने, २७ जानेवारी १८९६ ला, वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत असाच स्फोट होऊन ५७ माणसं गेली होती. जॉन स्कॉट हॉल्डेन हा शरीरशास्त्रज्ञ तिथे जाऊन मृतदेह तपासून आला. तोवर सगळ्यांची समजूत अशी, की खाणीच्या स्फोटात माणसं मरतात ती धक्क्याने किंवा भाजून. हॉल्डेनने दाखवलं की बहुतेकांना मारलं ते मागाहून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने. त्यांच्या कातडीवर आलेली गुलाबी झाक हा पुरावा. हा माणूस कागदावरचा शास्त्रज्ञ नव्हता. आदल्याच वर्षी त्याने तो वायू स्वतःच्या छातीत भरून घेऊन परिणाम टिपून ठेवले होते. त्याने सुचवलं की शोधपथकाने सोबत उंदरासारखा लहान प्राणी न्यावा. लहान जिवाचा श्वास जलद, म्हणून तो आधी पडतो आणि माणसाला मागे फिरायला अवधी मिळतो. पुढे उंदराच्या जागी कॅनरी पक्षी आला आणि ब्रिटनच्या खाणींत तो १९८६ पर्यंत टिकला. हे सगळं ब्रनरच्या लोकांना त्या मार्चमध्ये ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. हॉल्डेनचा अहवाल त्याच वर्षीचा.

अंत्ययात्रा आठशे मीटर लांब होती. ५३ जणांना स्टिलवॉटरच्या दफनभूमीत पुरलं, त्यांतल्या ३३ जणांना एकाच खड्ड्यात.

चौकशी झाली. निष्कर्ष असा, की ज्या भागात कुणी काम करायलाच नको होतं तिथे कुणीतरी सुरुंग उडवला. म्हणजे दोष मेलेल्या कामगारावर गेला, आणि तो उलट बोलू शकत नव्हता. कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, की खाणीत मिथेन साचला होता आणि तो साचला कारण हवा नीट खेळवली जात नव्हती. सुरुंग कुणी लावला हा एक प्रश्न. तिथे पेटण्याजोगा वायू का होता हा दुसरा, आणि माझ्या मते मोठा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा विचारायचा नाही, ही रीत बहुतेक चौकश्यांची असते, आपल्याकडच्याही.

ब्रनर हा पहिला धडा नव्हता. १८७९ च्या फेब्रुवारीत दक्षिणेकडच्या काइटांगाटा खाणीत ३४ जण गेले. खाणीच्या व्यवस्थापकाचा भाऊ सोडून दिलेल्या जुन्या कामात उघडी मेणबत्ती घेऊन शिरला, असं चौकशीत निघालं. बहुतेकांचा जीव गेला तो गुदमरून. खाणींच्या नियमनाचा कायदा १८७४ चाच, पण त्यात जीव आला तो या ३४ जणांनंतर. मग १९१४ च्या सप्टेंबरात उत्तर बेटावरच्या हंटली गावातली राल्फ खाण. पुन्हा जुनं काम, पुन्हा उघडी ज्योत, आणि ४३ मृत्यू. तो शनिवार होता म्हणून आत साठेक माणसं होती. एरवीच्या दिवशी याच्या काही पट असती. त्यानंतर सुरक्षा दिव्यांचा कायदा झाला. सुरक्षा दिवा म्हणजे जाळीदार आवरणातली ज्योत. हम्फ्री डेव्हीने तो १८१५ मध्येच तयार केला होता. म्हणजे मध्ये शंभर वर्षं गेली.

ग्रे खोऱ्यातले कामगार मुकाट सोसणारे मात्र नव्हते. ब्रनरपासून जवळच ब्लॅकबॉल नावाचं गाव आहे. तिथल्या खाणीत जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांची. १९०८ मध्ये ती अर्ध्या तासाची करा म्हणून संप झाला. असं सांगतात, की पंधरा मिनिटं पुरेशी आहेत असं ऐकवून न्यायाधीशमहाराज स्वतः दीड तासाच्या जेवणाला उठले. संप कामगारांनी जिंकला. न्यूझीलंडच्या मजूर पक्षाची मुळं शोधणारे या गावापर्यंत येतात.

१९ जानेवारी १९६७ ला ग्रेमथच्या उत्तरेच्या स्ट्राँगमन खाणीत १९ जण गेले. ही खाण सरकारी होती. सुरुंगाचं भोक नियमाप्रमाणे बंद केलेलं नव्हतं, त्यामुळे ज्वाळा बाहेर आली आणि तिने वायूला गाठलं. आत दोनशेंवर माणसं होती, ती बाहेर पडली. दोघांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. यानंतर त्रेचाळीस वर्षं खोऱ्यात असा मोठा अपघात झाला नाही. लोकांना वाटलं असेल, की झालं ते आजोबांच्या काळात.

पाइक रिव्हर ही खाण ग्रेमथच्या ईशान्येला सुमारे ४६ किलोमीटरवर, पापारोआच्या पोटात. डोंगराच्या एका अंगाने आत जाणारा २.३ किलोमीटरचा एकच चढता बोगदा, आणि त्याच्या टोकाशी कोळसा. कोळसा उत्तम प्रतीचा, पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा कोक करण्याजोगा, आणि त्याचं गिऱ्हाईक भारतात होतं. गुजरात एनआरई कोक आणि सौराष्ट्र फ्युएल्स या दोन भारतीय कंपन्या पाइक रिव्हरच्या भागधारकही होत्या. २०१० च्या सुरुवातीला पहिला माल जहाजाने निघाला तो भारताकडेच. म्हणून ही गोष्ट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाची म्हणून मला सोडून देता येत नाही.

उत्पादन ठरल्यापेक्षा मागे पडलं होतं, पैसा संपत चालला होता. पाण्याच्या प्रचंड दाबाच्या झोताने कोळसा फोडायची पद्धत सप्टेंबर २०१० मध्ये सुरू झाली, आणि ती वेळेवर सुरू व्हावी म्हणून कामगारांना बोनस लावला होता. झोताने कोळसा भराभर फुटतो, तसा मिथेनही भराभर सुटतो. हवा खेचणारा मुख्य पंखा बसवला होता खाणीच्या आत, जमिनीखाली. कोळशाच्या खाणीत असं जगात कुणी करत नव्हतं, कारण स्फोट झालाच तर पहिला बळी पंख्याचाच जाणार. बाहेर पडायचा दुसरा रस्ता म्हणून दाखवली जात होती ती हवेसाठी खणलेली उभी विहीर आणि तिच्यातली शिडी.

१९ नोव्हेंबर २०१०, शुक्रवार. दुपारी पावणेचारला स्फोट झाला. आत ३१ माणसं होती.

त्यांतले दोघे बाहेर आले, आणि त्यांनी चौकशी आयोगापुढे जे सांगितलं त्यात ब्रनरच्या त्या पहिल्या दोघांचं काय झालं असेल ते कळतं. एक जण बोगद्यात गाडीत डिझेल भरत होता. डोळे दिपवणारा पांढरा लखलखाट झाला, मग हवेचा तडाखा बसला. श्वास घेता येईना, हातपाय ऐकेनात, आणि तो पडला. किती वेळ पडून होता ते त्याला सांगता आलं नाही. शुद्ध आल्यावर चाचपडत तो दाबाच्या हवेच्या नळाशी पोचला आणि तिथे श्वास घेऊन उभा राहिला. फोनवरून नियंत्रण कक्षाला कळवलं. बाहेर निघाला तर वाटेत दुसरा कामगार गाडीजवळ बेशुद्ध पडलेला. हा त्या दिवशी पाळीवर उशिरा आला होता, म्हणून बोगद्यातच होता आणि म्हणूनच वाचला. पहिल्याने त्याला ओढत ताज्या हवेच्या आसऱ्याच्या खोलीपर्यंत आणलं. ती म्हणजे लोखंडी कंटेनर होता, आणि त्यात कामाचं काहीच नव्हतं. मग आधार देत, ढकलत, तो त्याला बोगद्याच्या तोंडाकडे घेऊन निघाला. स्फोटानंतर दीड तासाहून जास्त वेळाने दोघे उजेडात आले.

उरलेले २९ जण सतरा ते बासष्ट वर्षांचे.

इथून पुढे १८९६ आणि २०१० यांची वाट वेगळी होते. रुनांगाच्या खाण बचाव केंद्राची प्रशिक्षित पथकं काही तासांत तोंडाशी हजर होती. पाठीवर श्वसनयंत्रं होती, आत शिरायची तयारीही होती. त्यांना आत जाऊ दिलं नाही. आतल्या हवेत काय आहे ते भरवशाने कळत नव्हतं. मिळत होते त्या नमुन्यांत मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड होते, म्हणजे आत काहीतरी जळत असण्याची शक्यता होती. लष्कराचा एक यंत्रमानव आत पाठवला, तो साडेपाचशे मीटरवर पाणी लागून बंद पडला. सूत्रं पोलिसांकडे होती आणि प्रत्येक निर्णय वरच्यांकडे, वेलिंग्टनपर्यंत जात होता. घरचे लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं आहे. त्यांच्या खोऱ्याची रीत आत जाण्याची होती. ‘आमच्या आजोबांनी वाट पाहिली नसती’ ही भावना तिथे सगळीकडे होती.

२४ नोव्हेंबरला दुपारी दोन वाजून ३७ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला. त्यानंतर आत कुणी जिवंत असण्याची आशा संपली. पाठोपाठ आणखी दोन स्फोट झाले. शेवटी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडहून आणलेल्या, जेट इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने खाणीत निष्क्रिय वायू भरून आग कोंडावी लागली. पुढे मरणोत्तर चौकशीचा निकाल आला, की सगळे २९ जण पहिल्याच दिवशी, स्फोटात किंवा त्यानंतर थोड्याच वेळात गेले असावेत: धक्क्याने, भाजून, किंवा प्राणवायूच्या अभावाने आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषाने.

पथकांना अडवलं हे चूक होतं का? मला तसं वाटत नाही. निर्णय घेण्याची पद्धत ढिसाळ होती, हे आयोगानेच म्हटलं. पण पथकं आत असती आणि दुसरा स्फोट झाला असता तर मृतांची यादी लांबली असती, इतकंच. ब्रनरमध्ये आत धावलेल्यांचं धैर्य खरं आहे, आणि त्या धैर्याने कुणी वाचलं नाही हेही खरं आहे. ‘आत जायचं की नाही’ या वादात पत्रकारांनी, पुढाऱ्यांनी आणि गावानेही फार शक्ती घालवली. खरा हिशेब त्या आधीच्या सात आठवड्यांचा होता.

तो हिशेब याच चौकशी आयोगाने, म्हणजे न्यायमूर्ती ग्रॅहॅम पँकहर्स्ट यांच्या रॉयल कमिशनने, २०१२ च्या अहवालात मांडला. स्फोटाआधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटाच्या पातळीला पोचल्याच्या २१ नोंदी होत्या. त्याखालच्या, तरीही धोकादायक पातळीच्या आणखी २७. अशा नोंदी अगदी स्फोटाच्या दिवशीच्या सकाळपर्यंत येत होत्या. कामगार पाळी संपताना त्या कागदावर लिहीत होते, कागद कार्यालयात जात होते, आणि तिथे त्यांचं पुढे काही होत नव्हतं. वायू वाढला की यंत्रं आपोआप बंद पडावीत म्हणून बसवलेल्या संवेदकांना बगल दिल्याचंही उघड झालं. ते करणारे कामगारच होते. यंत्र बंद पडलं की काम थांबतं, काम थांबलं की बोनस जातो. अशा कामगाराला बेफिकीर म्हणणं सोपं आहे. त्याच्यापुढे तो बोनस कुणी टांगला, हे विचारायला जास्त धाडस लागतं.

आणि सरकार? न्यूझीलंडने १९९२ मध्ये कामाच्या जागेच्या सुरक्षेचा नवा कायदा केला. खाणींसाठी असलेले बारीकसारीक नियम मोडीत निघाले आणि मालकाने ‘व्यवहार्य ती सर्व पावलं’ उचलावीत असं ठरलं. खाणींची वेगळी तपासणी यंत्रणा कामगार खात्यात विरघळून गेली. कामगारांनी स्वतःतून निवडून दिलेला तपासनीस, ही एकोणिसाव्या शतकापासूनची प्रथा, तीही गेली. २०१० मध्ये साऱ्या देशातल्या खाणींसाठी निरीक्षक उरले होते दोन.

अहवाल आल्यावर कामगारमंत्री केट विल्किन्सन यांनी ते खातं सोडलं. २०१३ मध्ये वर्कसेफ ही स्वतंत्र संस्था निघाली, कामगारांचा तपासनीस परत आला, आणि २०१५ मध्ये सुरक्षेचा नवा कायदा झाला. त्यात संचालकांवर थेट जबाबदारी टाकली आहे. हे चांगलंच झालं.

आपल्याकडे १९९४ च्या जानेवारीत राणीगंज पट्ट्यातल्या न्यू केंदा खाणीत आग लागली, तेव्हा ५५ कामगार गेले. त्यांनाही मारलं ते आगीच्या धुरातल्या याच कार्बन मोनॉक्साइडने. वणी, चंद्रपूर, उमरेडकडच्या आपल्या बऱ्याच खाणी आता उघड्या आहेत, तिथे धोका धुळीचा जास्त. पण भूमिगत खाणी अजून चालू आहेत आणि तिथेही पाळीच्या शेवटी वायूची नोंद वहीत होते. त्या वह्या कोण वाचतं, हे त्या त्या खाणीतल्या संघटनांनी एकदा विचारून पाहावं.

पाइक रिव्हरचा बोगदा २०१९ मध्ये पुन्हा उघडला. २०२१ पर्यंत पथकं २.२ किलोमीटरवरच्या कोसळलेल्या दगडांपर्यंत पोचली आणि तिथे थांबली. माणसं त्या दगडांच्या पलीकडे आहेत. एकाचाही मृतदेह बाहेर आलेला नाही. खटल्याचं म्हणाल, तर कंपनी २०१३ मध्ये दोषी ठरली. तिला ७ लाख ६० हजार डॉलर दंड आणि कुटुंबांना व वाचलेल्या दोघांना मिळून ३४ लाख १० हजार डॉलर भरपाई असा हुकूम झाला, तेव्हा कंपनीचं दिवाळं निघालेलं होतं. मुख्य अधिकाऱ्यावरचे बारा आरोप त्याच वर्षी डिसेंबरात मागे घेतले गेले, आणि त्याच सुमारास विम्यातून तितकीच रक्कम कुटुंबांना देऊ करण्यात आली. पैसे घेऊन खटला सोडण्याचा हा सौदा बेकायदा होता, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिला. ते आरोप पुन्हा लावले गेले नाहीत.